पडद्यावरील खेळांचें संगीत

नवी कला जन्मास आली म्हणजे तिच्या वाट्याला प्रथम उपेक्षा येते आणि मागाहून सन्मान येतो, हा क्रम रसिकांच्या परिचयाचा आहे. परंतु पुष्कळदां असें घडतें कीं, उपेक्षेचें कारण जितकें चुकीचें असतें, तितकेंच सन्मानाचें कारणहि चुकीचें असतें. व्हिडिओ गेम या नांवानें घरोघर शिरलेल्या खेळांच्या संगीताची आज हीच स्थिति झाली आहे, असें आमचें मत आहे. एका पिढीनें हें संगीत म्हणजे यंत्राची पिरपिर असें ठरवून मुलांना दार लावून घ्यावयास सांगितलें. दुसऱ्या पिढीनें त्यालाच मैफलीच्या मंचावर नेऊन बसविलें. २००५ सालच्या 'सिव्हिलायझेशन ४' या खेळासाठीं ख्रिस्तोफर टिन यांनीं रचलेल्या 'बाबा येतू' या स्वाहिली प्रार्थनागीताला २०११ सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें. खेळासाठीं रचलेल्या संगीताला तें मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. २०२१ सालीं टोकियो येथें ऑलिंपिक सामन्यांचें उद्घाटन झालें, तेव्हां राष्ट्राराष्ट्रांचीं पथकें मैदानांत आलीं तीं जपानी खेळांतील सुरांच्या साथीनें. २०२३ सालीं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय सूचींत 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या सुरावटीची नोंद केली, आणि त्याच सालापासून ग्रॅमीमध्यें या संगीतासाठीं स्वतंत्र पारितोषिक सुरू झालें.

एवढा मानमरातब मिळाल्यावर टीकाकारानें बोलावयाचें तें काय, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, मान कशाला मिळाला हें पाहणें अद्यापि शिल्लक आहे. चाल गोड आहे, वाद्यमेळ भरदार आहे, गायकवृंद मोठा आहे, या गुणांसाठीं हा मान मिळतो. आणि हे गुण या संगीतांत असले तरी ते चित्रपटाच्या, रंगभूमीच्या किंवा मैफलीच्या संगीतांतहि असतात. या कलेचा जो स्वतःचा गुण, तो निराळाच आहे. तो असा कीं, या संगीताची लांबी, गति आणि क्रम हीं रचनाकाराच्या हातीं नसून खेळणाराच्या हातीं असतात. जें संगीत केव्हां संपणार, केव्हां वळणार आणि कितीदां फिरून येणार हें रचनाकाराला ठाऊक नसतें, तें आधीं रचून ठेवावयाचें, हें या कलेपुढील कोडें आहे. तें कोडें कोणीं किती कौशल्यानें सोडविलें, यावरूनच तिची पारख झाली पाहिजे.

या दृष्टीनें तिच्या आरंभाकडे पाहूं. १९७२ सालच्या 'पाँग' या खेळांत चेंडू फळीवर आपटल्याची टकटक होती, संगीत नव्हतें. १९७८ सालीं तैतो या जपानी कंपनीनें 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ आणला. त्याचे कर्ते तोमोहिरो निशिकादो. यांत शत्रूंच्या रांगा पडद्यावरून हळूहळू खालीं सरकतात आणि त्यांच्या पावलांसारखे खर्जांतले चार उतरते सूर अखंड वाजत राहतात. शत्रू जसजसे मरतात, तसतशी उरलेल्यांची चाल जलद होते आणि तिच्याबरोबर ते चार सूरहि धांवूं लागतात. यांतील मौज अशी कीं, शत्रूंची गति वाढण्याचें मूळ यंत्राच्या दुर्बळपणांत होतें. पडद्यावरचीं चित्रें कमी झालीं कीं तीं काढण्याचा यंत्रावरील भार हलका होई आणि उरलेलीं चित्रें वेगानें हलत. त्या वेगाला सुरांची जोड मिळतांच छातींत धडधड उत्पन्न करणारा परिणाम साधला. चार सुरांना कोणी गाणें म्हणणार नाहीं. परंतु खेळणाराच्या प्रत्येक नेमक्या बाणासरशीं जी लय चढत जाते, ती लय त्यानेंच चढविलेली असते. या कलेचें बीज येथें आहे.

त्या बीजाचा वृक्ष केला तो कोजी कोंडो यांनीं. हे १९६१ सालीं नागोया येथें जन्मले आणि १९८४ सालीं निंटेंडो कंपनींत रुजू झाले. कंपनीच्या 'फॅमिकॉम' या १९८३ सालच्या यंत्रांत संगीताला एकंदर पांच आवाज मिळत. चौकोनी लहरीचे दोन, त्रिकोणी लहरीचा एक, नुसत्या खरखरीचा एक, आणि मुद्रित ध्वनीचे लहान तुकडे वाजविण्यासाठीं एक. शिवाय उडीचा किंवा नाण्याचा आवाज काढावयाचा झाला, तर गाण्यांतील एखाद्या आवाजाला क्षणभर गप्प बसवावें लागे. १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा संबंध खेळ, चित्रें, नियम आणि संगीत धरून, अवघ्या ४० किलोबाइटांत मावला होता. आज फोननें काढलेल्या एका छायाचित्राला याच्या कितीतरी पट जागा लागते.

या दारिद्र्यांत कोंडो यांनीं काय केलें हें नीट पाहण्यासारखें आहे. मोकळ्या जागेंत पळणाऱ्या मारिओचा कच्चा नमुना पाहून त्यांनीं प्रथम एक संथ, सैलसर चाल बांधली. पुढें खेळाचें रूप बदललें तेव्हां ती चाल त्या पळण्या-उडण्याशीं जमेना, म्हणून त्यांनीं तिची गति वाढवून ती नव्यानें घडविली. म्हणजे चालीची परीक्षा कानानें झाली नाहीं, ती खेळणाराच्या अंगठ्यानें झाली. जमिनीवरच्या प्रसंगाची चाल ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे उड्या मारीत जाते, कारण खेळणाराहि उड्या मारीतच जात असतो. पाण्याखालच्या प्रसंगाला तीन मात्रांचा वॉल्ट्झ दिला आहे, आणि त्यामुळें पोहण्याचा झोका आपोआप अंगीं येतो. भुयारांत तर दोन-चार खर्जाचे सूर वाजतात आणि मध्येंच सारें स्तब्ध होतें; अंधाराची भीति त्या स्तब्धतेंत आहे. नेमून दिलेल्या वेळेंतील शेवटचे शंभर अंक उरले कीं तीच चाल एकाएकीं जलद होते. घड्याळाकडे पाहावयास खेळणाराला सवड नसते. संगीतच त्याला घाई करावयास सांगतें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. अडखळणारा मुलगा हा प्रसंग पन्नास वेळां खेळणार आणि तितक्या वेळां तीच चाल ऐकणार. मैफलींतील चीज एका रात्रीपुरती गोड लागली तरी भागतें. ही चाल शंभराव्या आवर्तनालाहि नकोशी वाटतां कामा नये. कोंडो यांनीं लहान लहान खंडांची अदलाबदल करून आणि आवर्तनाचा शेवट त्याच्या आरंभांत बेमालूम मिळवून हें साधलें. तबल्याचा ठेका तोच तोच असूनहि समेवर येण्याचा आनंद शिळा होत नाहीं, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुनरावृत्ति आणि कंटाळा हे एक नव्हेत हें पटवून द्यावयास नको.

याच सुमारास जपानमध्यें दुसरा एक प्रवाह सुरू झाला. कोइची सुगियामा हे १९३१ सालीं जन्मलेले, दूरचित्रवाणी, जाहिराती आणि लोकप्रिय गीतें यांत मुरलेले संगीतकार. १९८६ सालच्या 'ड्रॅगन क्वेस्ट' या खेळाला त्यांनीं संगीत दिलें तें पाश्चात्य वाद्यवृंदाची कल्पना डोळ्यांपुढें ठेवून. राजवाड्याच्या संगीतावर युरोपांतील बारोक काळाची छाया आहे, आणि आरंभींचा कूचाचा सूर तर जपानांत लहानथोरांच्या ओठीं बसला. ऑलिंपिकच्या संचलनाचा प्रारंभ याच सुरानें झाला. १९८७ सालीं टोकियो येथें या संगीताची वाद्यवृंदासह मैफल झाली, आणि खेळांचें संगीत सभागृहांत बसून ऐकण्याची प्रथा तेथून रूढ झाली.

सुगियामा यांच्या योग्यतेविषयीं आम्हांस शंका नाहीं. तथापि त्यांच्या ज्या करामतीची वाखाणणी व्हावयास पाहिजे होती ती फारशी होत नाहीं, असें आम्हांस दिसतें. त्या पहिल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्यें खेळणारा गुहेंत उतरूं लागला म्हणजे प्रत्येक खालच्या मजल्यावर तीच सुरावट अधिक मंद होते आणि अधिक खालच्या पट्टींत जाते. किती खोल आलों हें नकाशा सांगत नाहीं, कान सांगतात. परत वर यावें तर सूरहि वर चढतात. खालीं किती उतरावें हें येथें खेळणारा ठरवितो, आणि सूर त्याच्या पावलांमागून जातात. सभागृहांतील श्रोता मात्र वादकांनीं आधींच ठरविलेल्या वाटेनें जातो.

हाच भेद नोबुओ उएमात्सु यांच्या कामांत अधिक ठळक दिसतो. संगीताचें रीतसर शिक्षण न घेतलेले हे गृहस्थ १९८७ सालापासून 'फायनल फँटसी' या मालेचे संगीतकार झाले. १९९४ सालच्या सहाव्या खेळांत त्यांनीं एक सबंध ऑपेरा-प्रवेश घातला. सुपर फॅमिकॉम या यंत्रांत त्या वेळीं आठ आवाज आणि ध्वनीसाठीं ६४ किलोबाइट स्मृति होती. माणसाचा गळा त्यांत मावणें अशक्य; म्हणून गळ्याची ओबडधोबड नक्कल करणारा सूर आणि पडद्यावर उमटणारे शब्द, एवढ्यावर नायिकेचें गाणें उभें केलें. पुढें अनेक मैफलींतून खऱ्या गायिकांनीं तें गाइलें आहे, आणि गळ्याच्या दृष्टीनें त्या यंत्रापेक्षां सरस आहेत हें सांगावयास नको. परंतु मूळ खेळांत नायिकेचे शब्द खेळणाराला आधीं पाठ करावे लागतात, आणि ऐन रंगमंचावर पुढची ओळ कोणती हें त्याला निवडावें लागतें. चुकला कीं प्रयोग फसला. शब्द आठवतील कीं नाहीं या धास्तीनें तो सूर ऐकणें आणि खुर्चीला टेकून तो ऐकणें, या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या ओबडधोबड गळ्यानें पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी आणलें याचें रहस्य या धास्तींतच आहे, असें आम्ही समजतों.

यावर एक आक्षेप संभवतो. जें संगीत दुसऱ्या कशाची चाकरी करतें, तें स्वतंत्र कला कसें होईल? परंतु हा आक्षेप मानला तर नृत्याचें, नाटकाचें आणि देवळांतील संगीतहि कलेच्या पंक्तींतून उठवावें लागेल. खरा प्रश्न चाकरीचा नाहीं. धनी कोणत्या प्रकारचा आहे याचा आहे. नाटकाला साथ करणारा वादक समोर बसलेला असतो, आणि नटाला टाळी मिळाली, पुन्हां गाणें झालें, तर तोहि थांबतो आणि पुन्हां धरतो. चित्रपटाचा संगीतकार प्रसंगाची लांबी सेकंदांत मोजून घेतो. खेळाच्या संगीतकाराला यांतलें कांहींच लाभत नाहीं. तो तेथें हजर नाहीं आणि लांबीहि त्याला माहीत नाहीं. साथीदाराचें प्रसंगावधान आधींच विचार करून नियमांच्या रूपानें त्याला यंत्रांत ठेवून जावें लागतें.

हें ज्यांनीं प्रथम शास्त्रशुद्ध रीतीनें केलें, ते अमेरिकेंतील लुकासआर्ट्स या संस्थेंतील मायकेल लँड व पीटर मॅककॉनेल. त्यांची 'आयम्यूझ' ही योजना १९९१ सालच्या 'मंकी आयलंड २' या खेळांत प्रथम वापरली गेली. त्यांतील वुडटिक नांवाच्या गांवांत खेळणारा एका घरांतून दुसऱ्या घरांत शिरला कीं, चालू सुरावट मध्येंच तुटत नाहीं. ती योग्य जागीं पोंचल्यावर त्या घराच्या स्वभावाला साजेशा वाद्यांकडे आणि वळणाकडे वळते, आणि बाहेर येतांच मूळ चालीला मिळते. सांधा कोठें आहे हें कानाला कळत नाहीं. निंटेंडोच्याच १९९० सालच्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्यें मारिओ आपल्या योशी नांवाच्या वाहनावर बसला कीं चालींत बोंगोचा ठेका येऊन मिळतो आणि उतरला कीं निघून जातो. युक्ति साधी आहे, परंतु खेळणाराच्या स्वारीला ती तत्काळ दाद देते.

पुढें तबकड्यांचें युग आलें. १९९४ सालच्या डिसेंबरांत जपानमध्यें प्लेस्टेशन हें यंत्र निघालें आणि मुद्रित वाद्यवृंद, मुद्रित गायकवृंद खेळांत आणणें सुलभ झालें. सामान्यतः याला प्रगति म्हणतात, आणि एका अर्थानें ती होतीहि. १९९७ सालच्या सातव्या 'फायनल फँटसी'च्या अंतिम युद्धांत खरा गायकवृंद गर्जून उठतो, तो प्रभाव जुन्या यंत्रांत साधता ना. परंतु मुद्रण जितकें संपन्न तितकें ताठर. कागदावरील स्वरलिपीप्रमाणें यंत्राला सूर एकेक करून सांगितले असले म्हणजे ते वाटेल तेथें वळवितां येतात. एकदां मुद्रित झालेला वाद्यवृंद मात्र आपल्याच वाटेनें जातो. त्यामुळें पुष्कळ खेळांत संगीत श्रीमंत झालें आणि खेळणाराकडे पाहीनासें झालें. या काळांतील कित्येक रचना आम्हांस चित्रपटाच्या संगीताची चांगली नक्कल वाटतात, यापलीकडे त्यांची स्तुति करवत नाहीं. आजहि मोठमोठ्या खर्चाच्या खेळांत ढोलांचा गडगडाट आणि पितळी वाद्यांचा आक्रोश यांनाच भव्यता समजण्याची खोड दिसते.

या ताठरपणांतूनहि वाट काढणारे निघाले. १९९८ सालीं 'झेल्डा' मालेंतील 'ओकारिना ऑफ टाइम' या खेळांत कोंडो यांनीं विस्तीर्ण माळरानाचें संगीत अखंड न बांधतां त्याचे अनेक तुकडे केले. ते तुकडे क्रम बदलून वाजतात; खेळणारा स्वस्थ उभा राहिला तर शांत तुकडे पुढें येतात आणि शत्रू जवळ आला कीं बेचैन तुकडे. याच खेळांत खेळणाराच्या हातीं ओकारिना नांवाचें मुखवाद्य दिलें आहे. त्याचे मूळ सूर पांचच आणि खेळणारा ते बटणें दाबून वाजवितो. या पांच सुरांत कोंडो यांनीं अनेक छोट्या चाली बांधल्या, आणि त्या वाजविल्यावांचून खेळ पुढें सरकत नाहीं. संगीताचा गंध नसलेल्या असंख्य मुलांनीं आयुष्यांतील पहिली चाल स्वतःच्या बोटांनीं वाजविली ती येथें. ही गोष्ट आम्हांस कोणत्याहि पारितोषिकाहून मोठी वाटते.

अलीकडच्या कृतींपैकीं तिघांचा निर्देश करणें उचित होईल. २०१२ सालच्या 'जर्नी' या खेळांत ऑस्टिन विंटरी यांनीं वाळवंटांतून एकट्या जाणाऱ्या पांथस्थाला चेलोचा स्वर दिला, आणि प्रवासाबरोबर त्याच्याभोंवतीं वाद्यवृंद जमत आणि विरत जातो. केइची ओकाबे व त्यांचे सहकारी यांच्या २०१७ सालच्या 'निअर ऑटोमेटा'मध्यें एकाच गीताचे शांत व भरदार असे अनेक थर एकाच वेळीं तयार ठेवलेले असतात, आणि प्रसंगानुरूप कंठस्वर उमटतो किंवा मावळतो. खेळणारा यंत्रमानवाच्या मेंदूंत शिरला तर तेंच गीत जुन्या यंत्रांच्या चौकोनी सुरांत वाजूं लागतें. तिसरी कृति २०११ सालच्या 'माइनक्राफ्ट'ची. जर्मन संगीतकार डॅनिएल रोझेनफेल्ड यांचें हें संगीत बहुतेक वेळ वाजतच नाहीं. बराच काळ नुसतें खणणें आणि रचणें चाललेलें असतें, आणि मग केव्हांतरी, बोलावल्यावांचून, पियानोचे चार-दोन हळुवार सूर येतात व निघून जातात. तें केव्हां येईल हें ठाऊक नसल्यामुळें तें ज्याला त्याला आपल्यासाठींच आलें असें वाटतें. २०२५ सालीं या संगीताचीहि अमेरिकेच्या राष्ट्रीय सूचींत नोंद झाली.

या नोंदींविषयींच एक चिंता शेवटीं बोलून दाखविली पाहिजे. सूचींत जातें तें ध्वनिमुद्रण. मुद्रणांत चाल राहील, वाद्यें राहतील. परंतु शंभर अंक उरतांच उडणारी तारांबळ, गुहेंत उतरतांना खोल जाणारा सूर, घरोघर रूप बदलणारी वुडटिकची सुरावट यांतील फार तर एखादी वाट राहील. जुनीं यंत्रें एकेक करून नादुरुस्त होत आहेत. उद्यां केवळ मुद्रणें उरलीं तर पुढच्या पिढ्यांना ही कला सुगम वाद्यसंगीताचा एक किरकोळ प्रकार वाटेल, आणि त्यांत त्यांचा दोष असणार नाहीं. म्हणून जतन करावयाचें तर खेळतां येणारा खेळच जतन केला पाहिजे.

आपल्याकडे या विषयाचा विचार करण्यास एक जवळचें निमित्तहि आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेनें २०२० सालीं 'राजी' हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ प्रसिद्ध केला. त्याचें भारतीय वळणाचें संगीत लिनॉस त्झेलॉस या ग्रीक संगीतकाराचें आहे. परदेशी माणसानें तें केलें याचें आम्हांस वैषम्य नाहीं. कलेला देश नसतो. परंतु श्रोत्यांचा कल पाहून आलाप वाढवावा कीं आवरता घ्यावा हें ज्यांना लहानपणापासून शिकविलें जातें, त्या आपल्या कलावंतांना हें क्षेत्र परकें वाटण्याचें कारण नाहीं. येथें नवें शिकावयाचें तें एवढेंच कीं, श्रोत्यासमोर बसून जो निर्णय आपण क्षणांत घेतों, तो त्याच्या पाठीमागें, महिनेच्या महिने आधीं, त्याच्या सर्व संभाव्य लहरी कल्पून घ्यावयाचा.

आणि ज्या घरांतून पलीकडच्या खोलींतील ही पिरपिर रोज कानीं येते, तेथील वडील मंडळींना आमची एवढीच सूचना आहे कीं, मैफलीचें मुद्रण आणून ऐकण्यापूर्वीं त्यांनीं दहा मिनिटें त्या मुलाच्या शेजारीं बसावें. त्याचा हात थांबला म्हणजे सुरांचें काय होतें, तो घाबरला म्हणजे काय होतें, तो हरून पुन्हां आरंभापासून निघाला म्हणजे काय होतें, तें पाहावें. सूर बदलत नसतील तर तें संगीत सामान्य आहे असें खुशाल म्हणावें. बदलत असतील तर तें कोणीं रचलें त्याचें नांव विचारून घ्यावें. मुलाला तें बहुधा ठाऊक असतें.